बोटभर पातं

कैऱ्या गळायला लागल्या की आमच्या अंगणात शहरातली माणसं दिसायला लागतात. काशीदचा किनारा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिकडे जाणारी पायवाट नेमकी आमच्या रायवळ आंब्याखालून जाते. परवा दुपारी असाच सात-आठ जणांचा घोळका झाडाखाली थांबला. एकाला कैरी सापडली. दुसऱ्याच्या पिशवीत तिखट-मीठही निघालं. फोन सगळ्यांकडे होते, चाकू एकाकडेही नव्हता. एकाने कैरी दगडावर आपटली, तर ती उडून गटारात जाता जाता वाचली. दुसऱ्याने मोटारीच्या चावीने ती भोसकून पाहिली. तिसऱ्याने सरळ दात लावले, आणि चीक ओठांना लागल्यावर तो थुंकत मागे सरला. मी पडवीत बसून हा सगळा तमाशा बघत होते. शेवटी मला राहवेना. हाक मारली, कनवटीचा चाकू काढला, उघडला आणि पायरीवर ठेवला.

त्यांच्यातली एक मुलगी पुढे आली होती, हात पसरून उभी होती. चाकू पायरीवर ठेवलेला बघून ती हसली. "आजी, हातात द्या ना."

"हातात देत न्हायत, बाय. भांडण होतं."

"कोणाशी?"

"ज्याला दिला त्याच्याशी."

तिने पायरीवरून चाकू उचलला आणि ती गेली. मी मात्र तिथेच बसल्या बसल्या पार मागे गेले, नागावच्या माहेरच्या वाडीत, माझ्या लग्नाच्या वर्षीच्या कैऱ्यांमध्ये.

तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली असतील. पण आमच्या किनाऱ्यावरच्या पुरुषाला खरं स्वातंत्र्य त्याच्या खिशातल्या चाकूने दिलं होतं, असं माझं मत आहे. घरातून निघताना गडी टोपी विसरेल, निरोप विसरेल, बायकोने आणायला सांगितलेली हळद तर हमखास विसरेल, पण चाकू विसरणार नाही. कुणाचा करगोट्याला बांधलेला, कुणाचा बंडीच्या खिशात, कुणाचा पानाच्या चंचीत. पातं जेमतेम बोटभर, मूठ माडाच्या जुन्या लाकडाची नाहीतर शिंगाची, मिटला की मुठीत मावणारा. पानाचा देठ खुडायला चाकू, केळीच्या सोपटाची दोरी काढायला चाकू, शहाळ्याचं तोंड साफ करायला चाकू, पायातला काटा काढायला चाकू. आणि यातलं काहीच करायचं नसलं तर उगीच एखादी काटकी तासत बसायला चाकू. दोन माणसं बांधावर बोलत उभी राहिली की थोड्या वेळाने त्यांच्या पायाशी लाकडाच्या सालींचा सडा दिसायचा. सडा जितका मोठा तितकी चहाडी मोठी.

एक सांगायला हवं. एवढे चाकू गावात होते, पण भांडणात चाकू निघालेला मी कधी पाहिला नाही. भांडायला आमच्याकडे तोंडं समर्थ होती. चाकू म्हणजे कैरीचा, सुपारीचा, काट्याचा. भांडणात वापरून त्याची धार कोण घालवणार?

आमच्या शाळेतले मास्तर पेन्सिलीला टोक काढायला लागले की सगळा वर्ग गप्प व्हायचा. इतक्या सावकाश, इतक्या प्रेमाने ते साल काढायचे की बघता बघता तास संपायचा. त्या वर्षभरात आम्ही भूगोलातलं काही शिकलो नाही, पण पेन्सिलीला टोक कसं काढावं हे मला आजही कुणी झोपेत विचारावं.

आणि माझे बाबा. त्यांच्यासाठी चाकू म्हणजे विचार करायचं यंत्र होतं. त्यांना काहीही विचारा, आधी ते चाकू काढणार, उघडणार, पात्याकडे बघणार, मिटणार, आणि मग बोलणार. साध्या प्रश्नाला एकदा उघडझाप. अवघड प्रश्नाला दोनदा. काशीदचं स्थळ घेऊन मध्यस्थ आले तेव्हा बाबांनी तो इतक्या वेळा उघडला आणि मिटला, की आईने पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा दिला तरी होकार बाहेर पडला नव्हता. शेवटी मध्यस्थच म्हणाले, "तात्या, पोरीला इचारा न्हायतर चाकवाला इचारा, पन काय ते सांगा."

आम्हा मुलींच्या वाट्याला विळी. मी विळीच्या विरुद्ध नाही, जन्मभर तिच्यावर बसले आहे. पण विळी म्हणजे घराला बांधलेली धार. तिच्यापाशी आपण जायचं, तिच्यासमोर आपण बसायचं. चाकू आपल्याबरोबर चालतो. कैरी झाडाखाली उभ्याने कापून, तिथेच मीठ लावून, चीक हातावर ओघळत असताना खाण्यात जी मजा आहे ती विळीवर बसून चिरलेल्या फोडीत नाही. हे मला फार लहानपणी कळलं. त्यामुळे बाबांचा चाकू उन्हाळ्याचे दोन महिने माझ्याकडेच असायचा. बाबांना कुणी काही विचारलं की ते बंडी चाचपायचे, चाकू नाही म्हणून त्यांना विचारच करता येत नसे, आणि मग ते वाडीभर मला हाका मारत फिरायचे.

असं दोन-तीन उन्हाळे चाललं. मग एक दिवस त्यांनी लोहाराकडून जुन्या करवतीच्या पात्याचा एक छोटा चाकू करून आणला. मूठ माडाची. पुढे ती एकदा चिरली तेव्हा त्यांनीच तिला तांब्याची तार घट्ट गुंडाळली. चाकू त्यांनी माझ्या हातात दिला नाही. तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुझा. आता माझ्या इचारात आडवी येऊ नको."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "लग्न झाल्यावर काय, सासरी घेऊन जानार हाय काय ती?"

बाबांनी चाकू काढला, उघडला, मिटला.

आईचा प्रश्न बरोबर होता. धारेची वस्तू लेकीला देऊ नये, माया तुटते, असं आमच्याकडे मानतात. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर भांडी जातात, पाटा-वरवंटा जातो, एखादी म्हैससुद्धा जाते, पण चाकू जात नाही. लग्न ठरलं त्या दिवसापासून आईची नजर माझ्या कनवटीवर. मी चाकू पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. संध्याकाळी बघते तर तो फडताळात. मी तो परत ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात. मी तांदूळ निवडायच्या निमित्ताने तो काढला. आम्ही दोघी याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आई दिवसभर हसतमुखाने पापड लाटत होती, मी हसतमुखाने लाटलेले वाळत घालत होते, आणि चाकू घरभर फिरत होता. शेवटी लग्नाच्या दिवशी नेसताना मी तो कमरेला आत, लुगड्याच्या निऱ्यांमध्ये, करकचून खोचला. शालू भरजरी होता, आणि त्याच्या आत लोहाराने केलेला चाकू होता. मला तरी तो सगळ्या दागिन्यांपेक्षा जास्त शोभत होता असं वाटलं.

आता वराकडचं ऐका. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, आणि प्रत्येकाने आपली बाजू सावरून सांगितलं, म्हणून मी ते जोडून सांगते.

हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात शस्त्र हवं, त्याच्या टोकाला लिंबू टोचलेलं हवं. दृष्ट लागू नये, वाईट वारं लागू नये म्हणून. मोठ्या घरात कट्यार असते, आमच्यात चाकू चालतो. गणपतराव, म्हणजे आमचे हे, स्वतःचा चाकू लिंबू टोचून हातात धरून बैलगाडीत बसले. काशीद ते साळाव गाडीने आले, मग रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडायची. तेव्हा पूल नव्हता, तर म्हणजे होडीच, तिच्यातून माणसं पलीकडे जायची. मे महिना, भर दुपार, अंगाला हळद, डोक्याला मुंडावळ्या. तरीत कुणाच्या तरी टोपलीत कैऱ्या होत्या. आणि नवरदेवाला कैरी आवरली नाही.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. हा नवरा उतावळा होता, पण नवरीसाठी नव्हे. त्यांनी टोकाचं लिंबू काढून मांडीवर ठेवलं, चाकूने कैरीचा तुकडा काढला, आणि तेवढ्यात होडी लाटेवर हलली. कैरी वाचली, लिंबू वाचलं, चाकू खाडीत गेला. तरीचा तांडेल शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या. खाडीनं आपला आहेर घेतलान."

काळजी कुणालाच वाटली नाही. काशीदची माणसं. वऱ्हाडातल्या प्रत्येकाकडे एकेक चाकू असणारच. कुणाचाही घेता येईल. पलीकडे उतरून नागावच्या शाळेत जानवसघरी पोचेपर्यंत हा विश्वास टिकला. तिथे नवरदेवाच्या मामांनी हात पुढे केला, "आना रे कुनीतरी चाकू." सगळ्यांनी खिसे चाचपले. शर्ट नवे होते, खळीने कडक झालेले. कैरीच्या चिकाचे डाग नव्या कपड्यांना पडू नयेत म्हणून बायकांनी आदल्या रात्री दटावून खिसे रिकामे करून घेतले होते. प्रत्येकाने मनात म्हटलं होतं, आपला राहिला तर राहिला, दुसऱ्याचा असेलच. काशीदच्या माणसांकडे चाकू नाही, हे त्यांच्या हयातीत प्रथमच घडत होतं, आणि ते नेमकं व्याह्यांच्या दारात घडत होतं.

मामा म्हणजे वराकडचे मानकरी. अंगाने बारीक, मिश्या मोठ्या. त्यांनी जाहीर केलं, "शस्त्राशिवाय वर मांडवात पाय ठेवनार न्हाय."

आमच्याकडे ही बातमी पोचली तेव्हा बाबा हसले. चाकूच ना? त्यांनी आपल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. आईने त्यांचाही नवा शर्ट सांभाळला होता, काढलेला चाकू कुठे ठेवला ते गडबडीत तिलाच आठवेना, आणि मांडवातल्या बाकीच्या गड्यांचीही तीच गत! मग घरातून एक कोयता पाठवला. नवरदेवाच्या हातात तो कोयता बघून वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना हसू आवरेना. मामा कडाडले, "वर हाय का माडावर चढनारा?" मग आचाऱ्याची सुरी गेली. तिला कांद्याचा वास. मग कुणीतरी अडकित्ता नेला, पण त्याला टोकच नाही, लिंबू टोचायचं कुठे? अडकित्त्याच्या दोन्ही पात्यांमध्ये लिंबू धरून बघितलं. लिंबाचे दोन तुकडे झाले. शेवटी आमच्या एका चुलत्याने पाटावरून उपटून विळीचं पातं नेलं, तेव्हा मामांचा संयम संपला.

"आमी काय भिकारी हाय? शस्त्र वराकडचंच पायजे. न्हायतर आमी चाललो माघारी."

आता गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. मुहूर्त गोरज होता, उन्हं कलायला लागली होती. काशीदला माणूस धाडावा तर ओहोटी लागलेली, होडी भरतीशिवाय निघणार नाही. आजचा मुहूर्त टळला तर मागाहून पाऊस, चातुर्मास, आणि पुढची तारीख दिवाळीनंतर. आणि दिवाळीपर्यंत मामांच्या मिश्या कुठल्या बाजूला वळतील कुणी सांगावं? आई देवघरापाशी जाऊन रडायला लागली. बाबा रिकाम्या हाताने उघडझाप करत बसले होते. मी त्यांना आतून, दाराच्या फटीतून असं बघितलं.

मी गौरीहरापुढे बसले होते, शेजारी गोदूमावशी. मावशी आईची धाकटी बहीण, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखी. बाहेरचा सगळा गोंधळ आम्हाला ऐकू येत होता. सगळा गाव चाकू शोधत होता, आणि चाकू माझ्या पोटाला टोचत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

खरं सांगते, क्षणभर मी चाकूच्या बाजूने विचार केला. नवरा आज नाही तर दिवाळीनंतर मिळेल. दुसराही मिळेल. असा चाकू परत मिळणार नाही. एकदा का तो काशीदच्या माणसाच्या हातात गेला की गेला. पण मग बाबांचे ते रिकामे हात दिसले. मी निऱ्यांमध्ये हात घातला आणि चाकू काढून पाटासमोर ठेवला.

मावशीने कपाळाला हात लावला. "अगो, गौरीहराम्होरं चाकू घेऊन बसलंस तू?"

"त्यांना नेऊन दे," मी म्हटलं.

"नेते. पन ते आपला चाकू घेतीत काय? सुरी परत धाडलीन, इळी परत धाडलीन." मग तिचे डोळे चमकले. तिने चाकू उचलला, पदराखाली घेतला आणि ती गेली.

जानवसघराच्या अंगणात तिने चाकू मातीत टाकला, जरा पायाने धूळ लोटली आणि ओरडून म्हणाली, "हितं कुनाचा तरी चाकू पडलाय बघा! तुमच्यातल्याच कुनाचा दिसतोय."

त्यानंतर जे झालं ते मावशी मरेपर्यंत सांगत राहिली. वऱ्हाडातला एकेक बाप्या पुढे आला. "व्हय व्हय, माझाच हाय तो." "तुझा कुठला? माझा हाय. ही तांब्याची तार मीच बांधली हाय." नवरदेवाचे थोरले काका म्हणाले की हा त्यांच्या वडिलांचा, पिढीजात. शेवटी मामांनी मिशी पिळली, सगळ्यांना बाजूला सारलं आणि म्हणाले, "गप बसा रे. मघाशी उतरताना माझ्याच खिशातून पडला हुता. मला ठावं हुतं घावंल म्हनून." पिढीजात चाकूला नवं लिंबू टोचलं. नवरदेवाने तो उचलला. वाजंत्री सुरू झाली. गावाची अब्रू वाचली, दोन्ही गावांची.

फक्त एक माणूस त्यात काही बोलला नव्हता. नवरदेव. पुढे कित्येक वर्षांनी मी ह्यांना विचारलं की तुम्हाला तेव्हा काय वाटलं. हे म्हणाले, "मूठ उचलली तर कैरीच्या चिकाचा ताजा वास आला. माझ्याशिवाय आमच्यातल्या कुनी सकाळपास्नं कैरी कापली नव्हती, आन माझा चाकू तर खाडीत. मग वळखलं. म्हटलं, ह्या घरात आपलं जमंल."

मांडवात अंतरपाट धरला. त्याच्या खालून मला ह्यांचे पाय दिसत होते आणि चाकू धरलेला हात. मंगलाष्टकं चालू होती, अक्षता पडत होत्या, आणि माझी नजर चाकूवर. आईचीही नजर चाकूवर गेली. तिने तो ओळखला. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. तिने बाबांना कोपराने ढोसलं. बाबांनी पाहिलं, दोन बोटं खिशाकडे नेली, खिसा रिकामा असल्याचं आठवलं, आणि तरीही त्या दिवशी त्यांना चाकूशिवाय विचार सुचला. ते आईच्या कानात म्हणाले, "आपन लेकीला कुठं दिला? जावयाला दिला. जावयाला धारेची वस्तू चालते." शास्त्रात हे कुठे लिहिलं आहे मला माहीत नाही. पण आईचा जीव भांड्यात पडला. तिने पदराने डोळे पुसले आणि दोन मुठी अक्षता जास्त टाकल्या.

एवढ्यावर मी गप्प बसले असते तर लोकांनी मला गुणाची सून म्हटलं असतं. पण पंगत बसली, घास भरवायची वेळ आली, आणि काशीदच्या बायका मागे लागल्या, नाव घे, नाव घे. आईने मला शंकर-पार्वतीचा एक सोज्वळ उखाणा शिकवून ठेवला होता. तो माझ्या ओठांवर होता. तेवढ्यात समोर बघते तर काय, लिंबू काढून टाकलेलं, आणि मामा माझ्या चाकूने दात कोरत होते!

मी म्हटलं,

"कैरीला लागतं मीठ, विळीला लागते धार,
गणपतरावांनी उचलला चाकू माझा, परत कधी देणार?"

पंगतीत वाढप्याच्या हातातला भात हातातच राहिला. मामांच्या दातात चाकू तसाच राहिला. मग गोदूमावशी खो खो हसत सुटली आणि तिने सगळ्या पंगतीला सगळं सांगून टाकलं. ज्यांनी ज्यांनी "माझाच" म्हटलं होतं ते सगळे एकदम वरणभातात डोकं घालून जेवायला लागले. थोरल्या काकांना तर ठसका लागला. मामांनी चाकू पुसला, मिटला आणि हळूच पानाच्या बाजूला जमिनीवर ठेवला. मग स्वतःच इतके हसले की मिश्या हलल्या.

बायका ह्यांच्या मागे लागल्या, "आता तुमी सांगा, परत कवा देनार?" हे लाजाळू. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. चाकू उचलून खिशात घातला आणि एकच शब्द बोलले, "बघू."

पुढची सगळी वर्षं त्या "बघू"वर निघाली.

सासरी आल्यावर सासूबाईंनी चाकू देव्हाऱ्यात ठेवला. वराची राखण केलेलं शस्त्र म्हणून रोज त्याला हळद-कुंकू. मी म्हटलं, मी कैरीपुरता घेते. त्या म्हणाल्या, "बाईमानसाला चाकू कशाला? घरात इळी हाय न्हवं?" सुरुवातीला आमच्यात विळ्याभोपळ्याएवढं सख्य होतं, आणि त्यातला भोपळा मी होते. पण ह्यांचा स्वतःचा चाकू खाडीत गेलेला. एक दिवस हे म्हणाले, आज वाडीत काम आहे, आजच्यापुरता नेतो. देव्हाऱ्यातून चाकू खिशात गेला तो कायमचा. त्या दिवशी दुपारी झाडाखाली मी ह्यांना गाठलं. हे कैरी कापत होते. अर्धी मला दिली. मग चाकू पुसून आमच्या दोघांमधल्या दगडावर ठेवला. मी उचलला, माझी फोड बारीक केली, परत दगडावर ठेवला. सासूबाई खळ्यातून बघत होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची कैरी आणून आमच्याच चाकूने कापून घेतली आणि म्हणाल्या, "धार बरी हाय."

असा आमचा संसार एका चाकूवर चालला. सकाळी ह्यांचा, दुपारी माझा. धार लावायचं काम ह्यांच्याकडे, विहिरीच्या काठावरच्या दगडावर, आंघोळीच्या आधी. हातातून हातात कधीच नाही. ठेवायचा आणि उचलायचा. कधी उंबऱ्यावर, कधी पाटावर, कधी गाडीच्या जुवावर. चाकू किती लांब ठेवला यावरून मला ह्यांच्या रागाचा अंदाज यायचा. राग नसला तर माझ्या गुडघ्याशी. किरकोळ असला तर उठून घ्यायला लागेल इतका लांब. एकदा माझ्या माहेरच्या माणसांवरून वाजलं तेव्हा हे चाकू गोठ्याच्या खांबावर ठेवून आले. मीही दुसऱ्या दिवशी तो विहिरीच्या पार पलीकडच्या काठावर ठेवला. शेजारी विचारायचे की तुमचा चाकू घरभर का फिरतो. त्यांना काय सांगणार?

आता मुलं-नातवंडं विचारतात, खिशात चाकू ठेवण्यात एवढं काय होतं? मी विचार करते, तेव्हा वाटतं, चाकू वापरायला फार कमी लागायचा. तो आहे, एवढंच पुष्कळ वाटायचं. रस्त्यात कैरी पडलेली दिसली तर ती आपली. कुणाच्या पायात काटा गेला तर आपण कामाचे. पोलीसपाटलाच्या दारात उभं असताना काही सुचलं नाही तर बोटांना चाळा. माणूस कुणाचा कुणी लागत नसला तरी त्याच्याकडे चाकू असला की दोन माणसं त्याच्याभोवती जमायची. आता कुणाच्या खिशात चाकू दिसला तर लोक लांब सरकतात. त्यांचंही चूक नाही. दिवस तसे आलेत.

पातं झिजत गेलं. बोटभर होतं ते करंगळीएवढं झालं. तांब्याची तार ह्यांनी तीनदा बदलली, पण मूठ बदलू दिली नाही. मी दर उन्हाळ्यात पहिल्या कैरीला तोच उखाणा घ्यायचे, परत कधी देणार? हे दर उन्हाळ्यात तेच म्हणायचे, बघू.

शेवटच्या वर्षी ह्यांची कंबर वाकेना. कैऱ्यांचेच दिवस होते. पडवीत खाटेवर बसून ह्यांनी कैरी कापली, अर्धी मला दिली, पातं धोतराला पुसलं आणि मिटलं. सवयीने मी खाली बघत थांबले, कुठे ठेवतात म्हणून. ह्यांनी हात पुढे केला.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"वाकवत न्हाय."

"मग खाटेवर ठेवा."

"घे गं हातात. परत कधी देनार म्हनून इचारतंस ना? घे. दिला."

"भांडण होईल."

"होऊ दे की," हे म्हणाले, "तेवढंच तुला काम."

मी घेतला. मूठ त्यांच्या हाताने गरम झालेली होती. झाडावरचे आंबे उतरवायच्या आत हे गेले.

आणि लोक म्हणतात ते खरं ठरलं. भांडण झालंच. रोज दुपारी मी पडवीत बसते आणि ह्यांच्याशी भांडते. एवढी घाई काय होती? वाकवत नव्हतं तर मी उचलून घेतला असता, हातात कशाला दिलात? हे उलटून "बघू"सुद्धा म्हणत नाहीत, त्यामुळे माझा राग आणखीच वाढतो. मग मी एकटीच एक कैरी कापते, दोन भाग करते, आणि दुसरा भाग कावळ्याला टाकते.

परवा ती मुलगी कैरी खाऊन परत आली. चाकू नळाखाली धुऊन, ओढणीला पुसून तिने आणला होता. हात पुढे करता करता ती थबकली, आणि तिने तो पायरीवर ठेवला, अगदी माझ्या गुडघ्याशी. मला ते आवडलं. ओठांना लागलेलं मीठ चाटत ती म्हणाली, "आजी, हातात दिला तर खरंच भांडण होतं?"

"होतं, बाय," मी म्हटलं. "माझं अजून चालू हाय."

तिने माझ्या खांद्यावरून घरात डोकावून पाहिलं. कोणाशी, ते तिला दिसलं नाही.